तुटक रेघ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी एका परीक्षेत नापास झालो. बी.ए.ला मराठी वाङ्मयात सुटलो होतो, त्यानंतर परीक्षा अशी कधी दिलीच नव्हती. ही परीक्षा मोटार चालवण्याची होती. गाडी सुरू केली, गिअर टाकले, चढावर थांबून परत निघालो, मागं येऊन खांबांच्या मध्ये उभी केली. हे सगळं जमलं. अडलो ते एका साध्या गोष्टीत. रस्त्यावर शेजारी शेजारी दोन पट्टे आखलेले, मधे तुटक पांढरी रेघ. डाव्या पट्ट्यातून उजव्या पट्ट्यात जायचं. एवढंच.

आज त्या रेघेबद्दलच बोलणार आहे.

मी चिखल्याचा. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. आमच्या गावापुढं थोडं गेलं की मध्य प्रदेश लागतो. गावाचं नाव चिखला आणि ओळख मात्र मँगनीजची. या पट्ट्यातलं मँगनीज काढायला इंग्रजांच्या काळात, 1896 साली, कंपनी आली. 1962 पासून ती सरकारी झाली, तिलाच आपण मॉइल म्हणतो. शेजारच्या डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, आमची जमिनीखाली. अब्बा त्या खाणीत उतरायचे. पाळी सुटून घरी आले की आधी हातपाय धुवायचे, आणि मोरीतून जाणारं पाणी काळं दिसायचं. मी खाली उतरलो नाही. बी.ए. झालेल्या मुलानं वर बसून लिहावं, असं अब्बांचं म्हणणं. म्हणून मी एका वाहतूक ठेकेदाराकडं मुनशी झालो. टिपर भरून निघाला की त्याचा नंबर, वेळ, खेप कितवी, हे वहीत लिहायचं. पंचवीसेक वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांच्या खेपा लिहिल्या. स्वतःजवळ सायकल होती, नंतर एक जुनी लुना.

या कामामुळं आणि कवितेमुळं माझ्या कानात तीन भाषा राहिल्या. घरात आमची हिंदी-उर्दूच्या वळणाची बोली. खाणीवर आणि बाजारात झाडीबोली, जिच्यात डोळ्याला डोरा म्हणतात. आणि कागदावर प्रमाण मराठी. 'तुम्ही मुसलमान असून मराठीत कसं काय लिहिता?' हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. मी म्हणतो, चिखल्यात राहून आणखी कशात लिहू? असो. भाषांचा विषय पुढं येणार आहे, म्हणून सांगितलं.

आता चाकोरीचं. हा शब्द आपण इतका वापरतो, पण तो कुठून आला हे लहानपणी मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पावसाळ्यात आमच्याकडच्या पांदणीत बंड्यांच्या चाकांनी दोन खोल घळी पडायच्या. बैल कितीही चांगले असोत, बंडी त्या घळीतूनच जायची. समोरून दुसरी बंडी आली की एकाला चाकोरी सोडावी लागायची, आणि तिथं धुरकऱ्याचा कस लागायचा. एकदम बैल ओढले तर चाक घळीच्या कडेला घासून आस मोडायचा. म्हणून तो लांबूनच बैलांना सावकाश तिरपं घ्यायचा, आधी मागं वळून पाहायचा, मागच्या बंडीवाल्याला हाळी द्यायचा आणि मग चाक वर चढवायचा. हाळी दिल्याशिवाय कोणी चाकोरी सोडत नसे. कारण मागच्याचे बैल पुढच्या बंडीच्या मागं डोकं खाली घालून चालत असतात.

मोटार वाहन कायद्याखालचे जे केंद्रीय नियम 1989 साली झाले, त्यांतला पंधरावा नियम चालकाच्या चाचणीबद्दल आहे. त्यात परीक्षार्थीला काय काय करून दाखवायचं त्याची लांबलचक यादी आहे, आणि तिच्यातली एक ओळ अशा अर्थाची आहे की योग्य इशारा देऊन आणि पुरेशी काळजी घेऊन मार्गिका बदलता आली पाहिजे. मार्गिका म्हणजे लेन. मी ती ओळ वाचली तेव्हा मला आमचा धुरकरीच आठवला. मागं पाहणं, हाळी देणं, तिरपं घेणं. दुसरं काय आहे त्यात?

तरीही नापास झालो.

गाडी शिकायची वेळ का आली, ते सांगतो. 2021 मध्ये माझ्या पत्नीच्या स्तनात गाठ निघाली. तपासण्या, शस्त्रक्रिया, मग औषधांच्या फेऱ्या, सगळं नागपूरला. चिखल्याहून तुमसर, मोहाडी, वरठी, भंडारा आणि मग मोठा हायवे. पहाटे निघायचं, रात्री परतायचं. औषध चढवल्यानंतर तिला बसच्या धक्क्यांनी उलट्या व्हायच्या. भाड्याची गाडी करायचो. पण ज्या दिवशी गावात लग्न असेल त्या दिवशी गाडी मिळायची नाही, आणि औषधाची तारीख लग्न पाहून ठरत नाही. मुलगा पुण्यात नोकरीला. तो म्हणाला, ''अब्बा, मी पैसे पाठवतो, जुनी गाडी घ्या आणि आपही चलाना सीखो.'' मी हसलो. पत्नी हसली नाही.

चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरचा दाखला लागतो, तो घेतला. शिकाऊ परवाना मिळाला. तो सहा महिने चालतो, आणि मिळाल्यापासून तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. गाडीच्या पुढं-मागं पांढऱ्यावर तांबडा 'एल' चिकटवला. शिकवायला एसटीतून निवृत्त झालेले एक मास्तर मिळाले. एसटीचा जुना ड्रायव्हर म्हणजे काय चीज असते, हे ज्यांनी त्यांच्यामागं बसून वर्षानुवर्षं प्रवास केला त्यांना वेगळं सांगायला नको. मास्तर मला 'मुनशीजी' म्हणायचे. पहिले आठ दिवस त्यांनी मला रस्त्याकडं पाहूच दिलं नाही, नुसतं आरशात पाहायला लावलं. आतला आरसा, उजवा आरसा, परत समोर. ''डोरे फिरते ठेवा जी, मान नाही,'' असं म्हणायचे. आणि लेन बदलायची वेळ आली की उलट सांगायचे, ''आता मान फिरवा!''

त्याचं कारण त्यांनी गाडी उभी करून दाखवलं. मला आत बसवलं आणि स्वतः मागून गाडीच्या उजव्या अंगानं चालत आले. आतल्या आरशात दिसत होते, मग बाजूच्या आरशात दिसले, आणि मागच्या दाराशी आल्यावर दोन्ही आरशांतून नाहीसे झाले. हातभर अंतरावर धडधाकट माणूस उभा, आणि मला दिसेना. मान उजवीकडं वळवली तेव्हा खिडकीत त्यांची मिशी दिसली. ''इथं एक मोटरसायकल आरामात मावते,'' मास्तर म्हणाले.

दुसरी गोष्ट, बाजूच्या आरशाची काच थोडी फुगीर असते. त्यामुळं मागचा जास्त रस्ता दिसतो, पण मागची गाडी असते त्याहून लहान आणि लांब वाटते. आतल्या आरशाची काच सपाट, त्यात ती खऱ्या अंतरावर दिसते. म्हणून दोन्हींत पाहून ताळा करायचा. मी आयुष्यभर वहीत ताळे जमवले, हे मला लगेच पटलं.

मग दिवा. दिवा लावल्यावर लगेच वळायचं नाही, तीन-चार वेळा लुकलुकू द्यायचा. म्हणजे साधारण तीन सेकंद. ताशी साठच्या वेगात तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर पुढं जाते. मागच्याला समजायला, पाय ब्रेकवर न्यायला तेवढी जागा लागते. मग परत आरसा, मान, आणि गाडी सावकाश तिरपी. ब्रेक मारायचा नाही, उलट वेग मागच्या रांगेशी जुळता ठेवायचा. नव्या पट्ट्यात पूर्ण गेल्यावर दिवा बंद. वळणावर स्टिअरिंग सरळ होताना दिवा आपोआप बंद होतो, पण लेन बदलताना स्टिअरिंग इतकं थोडं फिरतं की बहुधा तो चालूच राहतो. हातानं बंद करावा लागतो. ही शेवटची गोष्ट मी ऐकली, मान डोलावली आणि विसरलो.

रेघांचंही त्यांनी सांगितलं. तुटक असेल तर खात्री करून ओलांडता येते. सलग असेल तर नाही. मला तुटक रेघ आवडली. ती मनाई करत नाही, पण आधी विचार कर म्हणते. या रेघेचा इतिहास मी नंतर शोधला. 1911 साली अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स नावाचे एक रस्ते-अधिकारी होते. त्यांनी रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ ओढवली. गळक्या दुधाच्या गाडीनं रस्त्यावर सांडलेली दुधाची धार पाहून त्यांना ते सुचलं, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण कुठल्याही कवीला हेवा वाटावा अशी आहे. शंभर वर्षांत ती रेघ आमच्यापर्यंत पोचली, आमच्या तालुक्यात मात्र दिवाळीनंतर तिच्यावर धान वाळत घातलेलं असतं.

चाचणीच्या दिवशी माझ्या शेजारी बसल्या त्या सहायक मोटार वाहन निरीक्षक, तिशीतली मुलगी. माझ्या मुलाहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. मैदानातलं सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, ''काका, आता रस्त्यावर घ्या.'' दुभाजकाचा रस्ता, दोन्ही अंगांना दोन-दोन पट्टे. थोडं पुढं गेल्यावर सूचना आली, ''उजव्या लेनला या.''

आतला आरसा पाहिला. बाहेरचा पाहिला. मागं बऱ्याच अंतरावर एक मोटरसायकल होती, माझ्याच पट्ट्यात. उजवा दिवा दिला. टिक टिक, टिक टिक. आणि आरशातली ती मोटरसायकल उजव्या पट्ट्यात येऊन एकदम मोठी व्हायला लागली. मी थांबलो. ती सुर्रकन उजवीकडून निघून गेली. पोरानं जाताना मला हातसुद्धा केला, आभार मानल्यासारखा. मागून एक टेम्पो आला, तोही तसाच गेला. मग मागं कोणी नव्हतं. पण माझे हात वळेनात. वेग चाळीसचा वीस झाला, दिवा चालू, आणि गाडी डाव्या पट्ट्यातून सरळ चाललेली. पुढं कडेला एक हातगाडी उभी होती, तिच्यामागं जाऊन मी ब्रेक मारला.

निरीक्षक मॅडम काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''मोटरसायकलसाठी थांबलात ते बरोबर केलंत. गेला असतात तर उडवला असता त्याला. पण नंतर रस्ता मोकळा होता. जायचं तरी होतं, नाहीतर दिवा बंद करायचा. दिवा चालू ठेवून सरळ चालणारी गाडी खोटं बोलते, काका. सात दिवसांनी या.''

नियम तसाच आहे. नापास झालेल्यानं सात दिवसांनंतर परत यायचं, आणि तीनदा नापास झाला तर साठ दिवस थांबायचं. मास्तरांनी परतीच्या वाटेवर चहा पाजला. मी त्यांना कारण सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

आमच्या भागातल्या रस्त्यांवर दिव्यांची एक बोली आहे. पुस्तकात उजव्या दिव्याचा अर्थ एकच: मी उजवीकडं येतोय किंवा वळतोय, मागच्यानं सांभाळावं. पण दोन पदरी रस्त्यावर भरलेला ट्रक हळू चालतो, मागच्याला पुढचं दिसत नाही. तेव्हा ट्रकवाला समोरचा रस्ता मोकळा पाहून उजवा दिवा देतो. अर्थ, 'ये, जा पुढं'. पूर्वी क्लीनर खिडकीतून हात हलवायचा, तेच काम दिवा करतो. ही भल्या माणसांची बोली आहे, मदतीची आहे. त्या मोटरसायकलवाल्या पोरानं माझा दिवा याच बोलीत वाचला आणि जाताना आभार मानले. फक्त एकच दिवा दोन भाषांत दोन उलट गोष्टी सांगतो. 'मी येतोय' आणि 'तू ये'.

डिसेंबर 2003. माझा धाकटा भाऊ मोटरसायकलवर तुमसरहून घरी येत होता. पुढं एक भरलेला टिपर. टिपरनं उजवा दिवा दिला. भावानं वेग वाढवला आणि उजवीकडून घेतला. टिपर उजवीकडं धर्मकाट्याकडं वळत होता.

त्या टिपरची ती सातवी खेप होती. अर्ध्या तासापूर्वी मीच वहीत लिहिली होती. माझ्या अक्षरात नंबर, माझ्या अक्षरात वेळ.

ड्रायव्हरला मी वर्षानुवर्षं ओळखत होतो. तो दारू पिणारा नव्हता, बेफाम चालवणारा नव्हता. दफन झाल्यावर तो आमच्या दाराबाहेर बराच वेळ उभा होता, आत आला नाही. त्याचं एकच म्हणणं, मी वळायचा दिवा दिला होता. आणि ते खरं होतं. नुकसानभरपाईचा दावा पुढं बरीच वर्षं चालला. विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं, पुढचं वाहन उजवा इशारा देत असताना मोटरसायकलवाला उजवीकडून गेला, म्हणजे चूक त्याचीही आहे. नियम पाहिला तर त्यांचं बरोबर होतं. चूक निम्मी-निम्मी धरली गेली, आणि माझ्या भावाच्या बायकोला मिळायची रक्कम निम्म्यावर आली.

आता जे सांगायचं ते. मी त्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून कितीतरी खेपा केल्या होत्या. तो रोज त्याच रस्त्यावर, त्याच ठिकाणी, मागच्यांना तोच उजवा दिवा देऊन पुढं घालवायचा. रोजचं येणं-जाणं असलेल्या कुणालाही त्या दिव्याचा अर्थ 'जा' असाच वाटला असता. माझ्या भावालाही. हे मी साक्षीत सांगू शकलो असतो. निकाल बदलला असता की नाही, मला माहीत नाही. पण मी सांगितलं नाही. मला फक्त वहीबद्दल विचारलं, मी फक्त वहीबद्दल उत्तर दिलं. ड्रायव्हरची पोटं भरायची होती हे खरं, पण त्याहून खरं हे की माझी नोकरी त्याच ठेकेदाराकडं होती. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी वही दुसऱ्याच्या हातात गेली असती. या गोष्टीवर मी एकही कविता लिहिलेली नाही. दोनदा बसलो होतो लिहायला. दोन्ही वेळा ती ड्रायव्हरवर टीका करणारी कविता झाली. फाडून टाकली.

भावाची बायको आमच्याच घराच्या मागच्या खोल्यांत राहते. धाकट्या भावजयीला आमच्यात 'दुल्हन' म्हणतात. केस पिकले तरी ती दुल्हनच. हे भाषण लिहून झाल्यावर आकाशवाणीला पाठवण्याआधी मी ते तिला वाचून दाखवलं. या जागेपर्यंत आल्यावर थांबलो. चुलीवर दूध होतं. ती उठली, दूध उतरवलं, परत येऊन बसली आणि म्हणाली, ''आगे पढ़ो, भाईजान.''

तर, पुढं.

सात दिवस मास्तरांनी मला एकच गोष्ट करायला लावली. रिकाम्या रस्त्यावर डाव्यातून उजव्यात, उजव्यातून डाव्यात. प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणायचं, आरसा, दिवा, मान, गाडी, दिवा बंद. मी ते म्हणता म्हणता त्याला चाल लागली, आणि मास्तर वैतागले. ''गाऊ नका जी, पाहा!'' त्यांनी आणखी एक सांगितलं. दिवा दिला आणि मागचा वेग वाढवून आला, तर दिवा बंद करायचा, त्याला जाऊ द्यायचं, आणि पहिल्यापासून परत सुरुवात करायची. दिवा दिला म्हणजे रस्ता आपला झाला असं होत नाही. मागच्यानं ऐकलं की नाही हे आरशात पाहायचं. एवढी वर्षं व्यासपीठावर कविता वाचून मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

रात्री मुलाशी फोनवर बोलणं व्हायचं. त्यानं आपली चाचणी पुण्यात भोसरीला दिली होती. तिथं यंत्रावर परीक्षा आहे. चाक रेघेला लागलं की सेन्सर टिपतो, माणसाच्या मर्जीचा प्रश्न नाही. तो म्हणाला, ''अब्बा, मशीन किसी की नहीं सुनती.'' मला वाटलं, बरंय. पण मशीननं मला 'थांबलात ते बरोबर केलंत' असं सांगितलं असतं का? ते वाक्य मला त्या आठवड्यात फार लागत होतं.

त्यानंच मला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाबद्दल सांगितलं. 2002 पासून तो रस्ता पूर्ण सुरू आहे, एका बाजूला तीन पदर. जड वाहनांनी डावीकडं राहावं, उजवा पदर पुढं जाण्यापुरता वापरावा. तरी घाटात ट्रक तिन्ही पदर अडवून चढतात, म्हणून 2024 पासून लेन मोडणाऱ्यांना टिपायला कॅमेरे बसवले आहेत. आपल्याकडं नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत आणि 2025 च्या जूनमध्ये मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण खुला झाला, सातशे एक किलोमीटर. रेघा सगळीकडं छान आखल्या आहेत.

ट्रकवाले उजवा पट्टा का सोडत नाहीत, याबद्दल मात्र मला थोडं त्यांच्या बाजूनं बोलायचं आहे. मी त्यांच्या शेजारी बसलेला माणूस आहे. डाव्या पट्ट्यात काय काय असतं? उलट दिशेनं येणारा मोटरसायकलवाला, पंक्चर काढायला उभा असलेला ट्रॅक्टर, बिनादिव्याची बंडी, बकऱ्या, ढाब्यापुढं अर्धा रस्त्यात लावलेला कंटेनर, कडेचा खड्डा. भरलेली गाडी दर दोनशे मीटरवर थांबवायची आणि परत उचलायची म्हणजे डिझेल जळतं, गिअर झिजतो, माणूस दमतो. तो म्हणतो, दुभाजकाजवळ कोणी येत नाही, तिथं शांत चालू. नियमानं तो चुकतो. पण डावा पट्टा मोकळा करून दिल्याशिवाय त्याला नुसता दंड करून किती होणार? आमच्याकडच्या शंकरपटात बैलजोड्यांना आखलेली वाट आधी साफ करून देतात, मग जोडी त्या वाटेवरून फुटली तर बाद करतात. आधी साफ करतात, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या वेळी त्याच निरीक्षक मॅडम होत्या. त्यांनी मला ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. उजव्या लेनला या, म्हणाल्या. आरसा. दिवा. मागं एक रिक्षा होती, ती वेग वाढवून आली. मी दिवा बंद केला. रिक्षा गेली. परत आरसा, परत दिवा, चार वेळा टिक टिक, मान फिरवली. खिडकीबाहेर मोकळा रस्ता आणि ऊन. गाडी तिरपी घेतली. रेघ चाकाखालून गेली. चाकाला काही जाणवत नाही, नुसता रंग आहे तो, पण मला जाणवलं. दिवा बंद केला. ''आता परत डावीकडं,'' मॅडम म्हणाल्या. तेही केलं. मग म्हणाल्या, ''झालं. गाडी बाजूला घ्या.''

परवाना पोस्टानं आला तेव्हा पत्नीच्या औषधाच्या फेऱ्या संपत आल्या होत्या. शेवटच्या दोन फेऱ्यांना मीच घेऊन गेलो. आता तीन महिन्यांनी एकदा तपासणीला जातो. ती शेजारी बसते आणि मला रस्ता सोडून बाकी सगळ्या गोष्टींवर बोलू देत नाही. दुल्हनही एकदा डोळ्यांसाठी सोबत आली होती, मागं बसली.

त्या दिवशीचं सांगतो आणि थांबतो. भंडारा सोडून नागपूरकडं चाललो होतो. डाव्या पट्ट्यात आमच्या पुढं एक कोंड्याचा ट्रक, ताडपत्री बांधलेला, हळू चाललेला. त्याचा उजवा दिवा लुकलुकत होता. उजवा पट्टा मोकळा. मागं कोणी नाही.

''जाने को बोल रहा है,'' पत्नी म्हणाली.

''या खुद आ रहा है,'' मागून दुल्हन म्हणाली.

मी वेग कमी केला आणि त्याच्या मागं राहिलो. तो उजवीकडं आला नाही, वळला नाही, हातही हलवला नाही. मौदा येईपर्यंत आम्ही तिघं त्या दिव्याकडं बघत होतो. मौद्याजवळ तो एका ढाब्यापुढं डावीकडं थांबला, ड्रायव्हर खाली उतरला आणि लुंगी सावरत चहाकडं गेला. आम्ही पुढं गेलो तेव्हा मी आरशात पाहिलं. त्याचा उजवा दिवा अजून चालूच होता.